किती अंशांत, किती तास



स्मृतिव्याख्यानाला विषय भारदस्त हवा, असा एक संकेत आहे. मी आज उशीविषयी बोलणार आहे. उशी, खाट, खाटेच्या पायथ्याशी असलेली ती लोखंडी दांडी, जी फिरवली की डोक्याकडची बाजू वर येते, आणि त्या खाटेवर तोंडाला मास्क बांधून धापा टाकत बसलेला माणूस. ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते, त्या सिस्टरबाईंची सारी नोकरी छातीच्या वॉर्डात गेली. डॉक्टर राउंड घेऊन निघून गेले की रुग्णाच्या पाठीमागची उशी कोण सारखी करतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. विषय निवडायला मला फार वेळ लागला नाही तो म्हणूनच.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. मास्कमधून हवा आत ढकलण्याचं काम यंत्र करतं. ती हवा फुप्फुसाच्या कुठल्या भागात जाईल, हे रुग्ण कसा निजला किंवा बसला आहे यावर बरंचसं ठरतं. म्हणजे शरीराची स्थिती हे औषध आहे. त्याला मात्रा आहे, त्याचे दुष्परिणाम आहेत, एकाला लागू पडतं ते दुसऱ्याला बाधतं. आणि आपल्याकडे हे एकच औषध असं आहे की जे केसपेपरवर कुणी लिहीत नाही.

आधी यंत्राबद्दल थोडं. घशात नळी न घालता श्वासाला आधार देण्याचे आज मुख्यतः तीन प्रकार आहेत. १९८१ साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी झोपेत श्वास अडकणाऱ्या पाच रुग्णांना नाकावाटे सतत दाबाची हवा दिली, तो सीपॅप. श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी, असा दोन पातळ्यांचा दाब देतो तो बायपॅप. तिसरा हाय-फ्लो: नाकात जाड नळ्या आणि त्यांतून मिनिटाला पन्नास-साठ लिटरपर्यंत गरम, दमट हवा. बायपॅपसारखा मास्क काय करू शकतो हे १९९५ साली लॉरां ब्रोशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, अचानक बळावलेल्या ८५ रुग्णांचा तो अभ्यास होता. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ७४ टक्क्यांना घशात नळी घालावी लागली, मास्क लावलेल्यांपैकी २६ टक्क्यांना. आज तालुक्याच्या गावीसुद्धा बायपॅप भाड्याने मिळतो, त्यामागे असे अभ्यास आहेत.

पण व्हेंटिलेटरवरचा रुग्ण आणि मास्कवरचा रुग्ण यांत एक मोठा फरक आहे. पहिल्याला बहुतेक वेळा गुंगी दिलेली असते. चार माणसांनी त्याला उचलून वळवलं तर तो हरकत घेत नाही. दुसरा जागा असतो. त्याच्या नाकावर पट्टा रुततो, पाठ भरून येते, तहान लागते, आणि तो सरळ ‘नाही’ म्हणतो. शिवाय श्वासाचं बरंच काम अजून त्याचे स्वतःचे स्नायू करत असतात. त्यामुळे इथे स्थिती बदलायची ती त्याच्या संमतीने, त्याच्या स्नायूंना सोयीची पडेल अशी.

आता आडवं झाल्यावर छातीत काय होतं ते पाहू. धडधाकट माणूस उभ्याचा उताणा झाला तरी श्वास सोडल्यानंतर फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा अर्धा ते एक लिटरने कमी होते. कारण पोट. उभं असताना पोटातले अवयव खाली लोंबतात आणि डायफ्रॅमला, म्हणजे श्वासपटलाला, उतरायला जागा मिळते. उताणं झालं की तेच अवयव त्याला वर छातीत रेटतात. पोट सुटलेलं असेल किंवा पोटात पाणी झालं असेल तर हा रेटा किती वाढेल याची कल्पना करा. त्यात हृदय डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागावर विसावतं. आणि हृदय कमकुवत असेल तर पायांत साचलेलं रक्त छातीकडे परत येतं, फुप्फुसं आणखी जड होतात. हृदयविकाराचा जुना रुग्ण रात्री दोन वाजता उठून पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला बसतो. कुणी न शिकवता तो स्वतःवर उपचार करत असतो.

सीओपीडीचा रुग्ण याहून वेगळं काहीतरी करतो. तो पुढे वाकून कोपरं मांडीवर किंवा टेबलावर टेकवतो. हात असे टेकले की खांद्याचे आणि मानेचे स्नायू हातांचं वजन सांभाळायच्या कामातून सुटतात आणि बरगड्या वर खेचायला मोकळे होतात. त्याचा श्वासपटल हवेने फुगून राहिलेल्या छातीमुळे सपाट झालेला असतो. पुढे वाकल्यावर पोट त्याला खालून रेटतं, पुन्हा थोडा घुमट करतं आणि त्याची ताकद सुधारते. मी वॉर्डात असं पाहिलेलं आहे की पुढे वाकून बसलेल्या आजोबांना कुणीतरी मायेनेच ‘आडवे व्हा, आराम करा’ म्हणतं आणि पाठीवर निजवतं. मग बायपॅपचा दाब वाढवावा लागतो. त्यांच्यापुढे खाटेवरचं जेवणाचं टेबल ओढून त्यावर एक उशी ठेवली असती तर कदाचित वाढवावा लागला नसता.

म्हणून मास्कवरच्या बहुतेक रुग्णांसाठी पहिला नियम असा की डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. याचं दुसरंही कारण आहे. दाबाची हवा थोडी अन्ननलिकेतही जाते, पोट फुगतं, आणि तोंडभर मास्क असताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. ज्याला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही त्याच्या बाबतीत हा धोका फारच गंभीर आहे. अशा रुग्णाला मास्क लावून एकट्याला सोडायचं नाही.

नियम सोपा, पाळणं अवघड. आपल्याकडे भाड्याने मिळते त्या खाटेला ‘फाऊलर बेड’ म्हणतात. हे फाऊलर म्हणजे ब्रुकलिनचे शल्यचिकित्सक जॉर्ज रायर्सन फाऊलर. १९०० च्या सुमारास त्यांनी रुग्णांना डोकं उंच करून ठेवण्याचा आग्रह धरला, पण तो श्वासासाठी नव्हता. पोटात पू झाला तर तो वर न पसरता ओटीपोटात उतरावा, हा त्यांचा हेतू. त्यांची खाट आज श्वासाच्या रुग्णांच्या कामी येते आहे. पण खाट वर केली म्हणजे रुग्ण वर होतोच असं नाही. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात, २००६ साली तो प्रसिद्ध झाला, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना ४५ अंशांत ठेवायचं ठरलेलं होतं. प्रत्यक्ष कोन मोजत राहिले तेव्हा पहिल्या दिवशी सरासरी निघाली २८. ठरवून केलेल्या अभ्यासात ही स्थिती, तर रात्रपाळीच्या वॉर्डात काय असेल?

शिवाय कोन बरोबर असूनही उपयोग होत नाही, असंही घडतं. रुग्ण हळूहळू खाली घसरतो. अर्ध्या तासाने त्याची कंबर खाटेच्या सांध्याच्या बरीच खाली आणि पाठीचा मधला भाग त्या सांध्यावर. आता दांडी फिरवून डोकं वर केलं की तो छातीत मुडपतो, पोट दाबलं जातं, आणि आपण चांगलं म्हणून केलेलं नेमकं उलटं पडतं. उपाय साधा आहे. आधी रुग्णाला वर सरकवायचं, कंबर खाटेच्या सांध्याशी आणायची, मग गुडघ्यांखालची बाजू उचलायची, आणि डोक्याकडची बाजू सर्वांत शेवटी. हा क्रम जपला नाही तर तो घसरतच राहतो आणि माकडहाडाजवळची कातडी घासून जखम होते. उशांचंही तसंच. डोक्याखाली दोन जाड उशा रचल्या की हनुवटी छातीला टेकते आणि घसा अर्धा मिटतो. बायपॅप मग मिटलेल्या घशाशी झुंजत बसतो. उशी खांद्यांखालूनच सुरू व्हायला हवी. घरोघरी डोक्याखाली उशांचा मनोरा रचलेला दिसतो, म्हणून एवढं बोलतो आहे.

शरीराची स्थिती म्हणजेच श्वासयंत्र, असाही एक काळ होता. १९३२ साली इंग्लंडमधल्या हल गावचे डॉक्टर फ्रँक ईव्ह यांनी घटसर्पामुळे श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या एका लहान मुलासाठी झुलत्या खुर्चीचा उपयोग केला. डोकं खाली गेलं की पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलतात आणि हवा बाहेर पडते. पाय खाली गेले की श्वासपटल खाली ओढला जातो आणि हवा आत येते. पुढे बुडालेल्या माणसाला स्ट्रेचरवर असं झुलवण्याची पद्धत ब्रिटिश नौदलाने घेतली. पोलिओच्या साथींनंतर तर विजेवर मिनिटाला पंधरा-वीस वेळा वरखाली झुलणाऱ्या खाटाच निघाल्या. लोखंडी फुप्फुसाच्या पिंपातून बाहेर आलेल्या काही रुग्णांनी अशा खाटेवर वर्षानुवर्षं रात्री काढल्या. दिवसा ते पोटावर हवेचा पट्टा बांधत. पट्टा फुगला की पोट दाबून श्वास बाहेर, सैल झाला की श्वासपटल खाली येऊन श्वास आत. त्या पट्ट्याची अट एकच: माणूस बसलेला हवा. आडवा झाला की तो पट्टा निरुपयोगी, कारण श्वासपटल खाली ओढण्याचं काम गुरुत्वाकर्षण करत होतं. नाकावरचे मास्क आले आणि ही सगळी उपकरणं अडगळीत गेली. त्यांच्याबरोबर हे ज्ञानही अडगळीत जायला नको होतं, असं माझं मत आहे.

आता पालथं झोपण्याकडे येतो, कारण इथे बसलेल्या प्रत्येकाने २०२१ च्या उन्हाळ्यात तो शब्द ऐकलेला आहे.

कल्पना कोविडची नाही. १९७६ साली अमेरिकेत मार्गारेट पील आणि रॉबर्ट ब्राऊन यांनी तीव्र श्वसन-निकामीपणाच्या पाच रुग्णांना पालथं केलं आणि त्यांच्या रक्तातला प्राणवायू वाढलेला नोंदवला. का वाढतो, याचं चित्र पुढे इटलीतल्या लुचियानो गाटिनोनी यांच्या सीटी स्कॅनमुळे स्पष्ट झालं. आजारी फुप्फुस ओल्या स्पंजासारखं असतं. स्वतःच्याच वजनाने त्याचा खालचा थर दबतो. उताण्या माणसात खालचा थर म्हणजे पाठीकडचा, आणि फुप्फुसाचा मोठा हिस्सा पाठीकडेच आहे. पालथं केलं की हा मोठा हिस्सा वर येतो, हृदय छातीच्या हाडावर विसावतं, दबलेल्या वायुकोशांची तोंडं उघडतात. मुख्य मौज पुढे आहे. रक्त मात्र पालथं झाल्यावरही बऱ्याच अंशी पाठीकडच्याच भागात वाहत राहतं. म्हणजे जिथे रक्त होतं पण हवा नव्हती, तिथे आता हवा पोचते.

प्राणवायू वाढणं आणि माणूस वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाटिनोनींच्याच २००१ च्या मोठ्या चाचणीत प्राणवायू वाढला, मृत्यू कमी झाले नाहीत. तिथे रुग्ण दिवसाला सरासरी सातेक तास पालथे होते. २०१३ मध्ये क्लोद गेराँ यांच्या फ्रेंच गटाने अधिक गंभीर असे ४६६ रुग्ण निवडले, त्यांतल्या निम्म्यांना सलग किमान १६ तास पालथं ठेवलं, आणि २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. रुग्णांची निवड बदलली आणि मात्रा बदलली. मात्रा हा शब्द मी उगाच वापरत नाही. हे सगळे मात्र व्हेंटिलेटरवरचे, गुंगीतले रुग्ण होते.

२०२० मध्ये खाटा आणि व्हेंटिलेटर अपुरे पडू लागले आणि जागेपणी पालथं होण्याचा प्रयोग जगभर सुरू झाला. न्यूयॉर्कच्या एका आपत्कालीन विभागात ५० रुग्णांचं सॅच्युरेशन प्राणवायू लावून ८४ होतं, पालथं झाल्यावर पाच मिनिटांत ९४ झालं. इटलीत मोन्झा इथे ५६ जणांना पालथं करून पाहिलं. बहुतेकांच्या डोक्यावर पारदर्शक हेल्मेट चढवून सीपॅप दिलेला होता. ४७ जण तीन तास तसे राहू शकले, प्राणवायू बराच सुधारला, पण पुन्हा उताणं झाल्यावर ती सुधारणा निम्म्यांमध्येच टिकली. आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पत्रक काढलं. सॅच्युरेशन ९४ च्या खाली गेलं तर चार-पाच उशा घ्या. एक मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. जेवणानंतर तासभर नको, गरोदरपणी नको, हृदयाचा मोठा आजार असेल तर नको. एका स्थितीत अर्धा ते दोन तास, मग कूस बदला. ते पत्रक व्हॉट्सॲपवरून कुटुंबाकुटुंबांत फिरलं. खाट मिळेपर्यंत लोकांच्या हाती करण्यासारखं जे थोडं होतं, त्यांत हे एक होतं आणि ते बिनपैशाचं होतं.

त्याचा उपयोग किती झाला? सहा देशांतल्या ११०० हून अधिक हाय-फ्लोवरच्या कोविड रुग्णांच्या एकत्रित चाचणीत, २०२१ साली, जागेपणी पालथं होणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांना नळी लागली, इतरांपैकी ४० टक्क्यांना. मृत्यूंमध्ये ठळक फरक दिसला नाही. पुढच्या वर्षी आलेल्या ४०० रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत आकडे जवळपास तसेच, ३४ आणि ४१; पण रुग्णसंख्या कमी असल्याने तो फरक योगायोगाचा नाही असं ठामपणे म्हणता आलं नाही. तिथे रुग्ण दिवसाला जेमतेम पाच तास पालथे राहत होते. पहिल्या चाचणीत दिवसाला आठ तास किंवा जास्त पालथे राहिलेल्यांपैकी १७ टक्क्यांमध्ये उपचार अपुरे पडले, त्याहून कमी राहिलेल्यांपैकी ४८ टक्क्यांमध्ये. या आकड्याने हुरळून जाऊ नये. ज्याला आठ तास पालथं राहता येतं तो मुळात कमी आजारी असेल, असंही असू शकतं. तरी मला वाटतं, तासांचा प्रश्न खरा आहे. जागा माणूस पालथा किती वेळ राहतो हे त्याच्या आजारावर जेवढं अवलंबून, तेवढंच छातीखालची उशी नीट आहे का, कान दुमडलेला नाही ना, मोबाईल हाताशी आहे का, आणि दर तासाला कुणी येऊन विचारतं का, यावर.

एक धोका मात्र मोठ्याने सांगायला हवा. पालथं झाल्यावर बोटावरचा आकडा ८६ चा ९३ होतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. आजार उतरलेला नसतो. श्वासाचा वेग मिनिटाला पस्तीस, मानेचे स्नायू ताणलेले, वाक्य तुटक असेल, तर ९३ वर विसंबून नळी घालायला उशीर करणं घातक आहे. आणि जागेपणी पालथं होण्याबद्दलचा हा सारा पुरावा कोविडचा आहे. सीओपीडीच्या रुग्णाला, हृदयामुळे फुप्फुसात पाणी झालेल्याला तो जसाच्या तसा लावता येत नाही. त्यांची जागा बसण्यात आहे.

बसण्यालाही अपवाद आहेत. मोटर न्यूरॉन आजारात श्वासपटल दुबळा झाला की माणसाला आडवं होता येत नाही. ‘बाबा गेले दोन महिने सोफ्यावर बसूनच झोपतात’ असं मुलगी सांगते तेव्हा निदान जवळपास झालेलं असतं. रात्रीचा बायपॅप सुरू झाला की असा रुग्ण पुन्हा पलंगावर झोपू शकतो. याच्या अगदी उलट आहे तो झाडावरून किंवा मोटारसायकलवरून पडून मानेचा मज्जारज्जू दुखावलेला तरुण. त्याचा श्वासपटल चालतो, पण पोटाचे स्नायू लुळे असतात. बसवलं की पोट पुढे ओघळतं, श्वासपटल आधीच खाली उतरून सपाट होतो आणि त्याला खेचायला जागाच उरत नाही. हा माणूस सपाट निजल्यावर बरा श्वास घेतो. दम लागतोय म्हणून त्याची खाट ४५ अंशांत केली तर दम वाढतो. बसवायचंच असेल तर आधी पोटाला रुंद पट्टा बांधायचा. दम लागलेल्या दोन रुग्णांच्या खाटा शेजारी असतील आणि दोघांना अगदी उलट उपचार हवा असेल, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की ‘सगळ्यांची डोकी वर करा’ ही सूचना पुरत नाही हे कळतं.

एकाच फुप्फुसाला न्यूमोनिया असेल तर मोठ्या माणसाचं निरोगी फुप्फुस खाली ठेवतात, कारण रक्त खाली जास्त जातं आणि तिथे हवा चांगली असते. तान्ह्या बाळात हे उलटं, चांगलं फुप्फुस वर. क्षयाच्या जुन्या रुग्णाच्या खोकल्यातून रक्त येऊ लागलं तर पुन्हा वेगळं: ज्या बाजूने रक्त येतं ती बाजू खाली, म्हणजे रक्त दुसऱ्या फुप्फुसात शिरत नाही.

बाळांचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट. कमी दिवसांचं बाळ सीपॅपवर असतं तेव्हा नवजात कक्षात त्याला पुष्कळदा पालथं निजवतात. त्याच्या मऊ बरगड्यांना गादीचा आधार मिळतो, श्वास संथ होतो. पण तिथे त्याच्यावर मॉनिटरची आणि परिचारिकेची नजर असते. घरी न्यायच्या आधी बाळाला उताणं झोपायची सवय लावतात, आणि घरी फक्त उताणंच. पालथ्या बाळांमध्ये झोपेत अचानक मृत्यू जास्त होतात, हे १९९० च्या दशकापासून पक्कं माहीत आहे. रुग्णालयात पाहिलेलं आई घरी करू जाते, म्हणून हे तिला स्पष्ट शब्दांत सांगणं वॉर्डाचं काम आहे.

आता हे सारं करायचं कुणी? आपल्या बहुतेक रुग्णालयांत उत्तर ठरलेलं आहे: जो जवळ असेल त्याने. मावशी, वॉर्डबॉय, रात्रपाळीची एकटी सिस्टर, आणि सर्वांत जास्त वेळा नातेवाईक. रुग्णाला वर सरकवायला दोन माणसं आणि खाली अंथरलेली एक आडवी चादर लागते. एकटी बाई ते करू गेली तर तिची कंबर जाते. पालथं करायला, मास्क आणि नळ्या सांभाळायला, निदान तीन. हे मनुष्यबळ कुठल्या बिलात दिसत नाही, म्हणून ते नेमलंही जात नाही. बायपॅपचं भाडं दिवसाच्या हिशेबाने लागतं. उशी कशी ठेवायची हे शिकवायला कुणी नसतं; भाड्याच्या दुकानाचा माणूस येतो, तो प्लग लावून जातो. फिजिओथेरपिस्टला बोलावलं जातं ते बहुधा तिसऱ्या दिवशी, छाती मोकळी करायला. पहिल्या तासाला बोलवावं, असं मी म्हणेन.

माझी मागणी साधी आहे. प्रतिजैविकाच्या ओळीखाली आणखी एक ओळ असावी: स्थिती कोणती, किती अंश, किती तास, कुणी तपासायचं, आणि काय झालं तर बदलायची. घरी यंत्र नेणाऱ्यांना तीच ओळ मराठीत, मोठ्या अक्षरांत मिळावी. खाटेच्या कठड्यावर कोन दाखवणारी खूण असते. नसेल तर आजकाल प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये कोन मोजायची सोय आहे, फोन कठड्याला टेकवला की आकडा येतो.

घरी बायपॅप किंवा सीपॅप असलेल्यांचे कुटुंबीय सभागृहात आले आहेत, असं संयोजकांनी मला सांगितलं आहे. त्यांचे प्रश्न आधी घेऊ. डॉक्टर मंडळींनी थोडं थांबावं. व्यासपीठाशेजारी एक फाऊलर बेड आणि पाच उशा आणून ठेवल्या आहेत, ज्यांना हाताने करून पाहायचं असेल त्यांनी पुढे यावं.